ओरखडा, चरा आणि पोचा

प्रस्तावना

वापरलेल्या वस्तूंची खरेदी-विक्री आपल्या समाजाला नवी नाही. जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण, मोडीत काढलेली पितळी भांडी वजनावर घेणारा तांबट, पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार ही सारी याच व्यवहाराची रूपे होत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या बाजारात लॅपटॉपची भर पडली आहे. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईचा रिची स्ट्रीट या ठिकाणी संगणकांची आणि त्यांच्या सुट्या भागांची मोठी उलाढाल चालते. त्याखेरीज शेजारी, सहकारी आणि नातेवाईक यांच्यात होणारी घरगुती विक्री वेगळीच.

जुना लॅपटॉप घेणारा माणूस पुष्कळदा विद्यार्थी, नुकताच कामाला लागलेला तरुण किंवा लहान दुकानदार असतो. नवे यंत्र त्याच्या आवाक्याबाहेर असते आणि जुन्यासाठी मोजलेले पैसेही त्याच्या दृष्टीने मोठेच असतात. विकणाऱ्याला आपल्या वस्तूचे योग्य मोल हवे असते. या दोघांच्या मध्ये येतात त्या यंत्राच्या अंगावरील खुणा. त्यांचे काय करावे, हा या पाठाचा विषय आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला –
• वस्तूवरील निरनिराळ्या खुणा ओळखून त्यांना योग्य मराठी शब्द वापरता येतील;
• लॅपटॉपचा पृष्ठभाग पाहून कोणता उपाय करावा आणि कोणता टाळावा हे सांगता येईल;
• वापरलेल्या वस्तूच्या विक्रीसाठी नेमके आणि खरे वर्णन लिहिता येईल.

मूळ पाठ

खुणेचे नाव

चार-पाच वर्षे वापरलेला लॅपटॉप उजेडात धरला, तर त्यावर अनेक खुणा दिसतात. व्यवहारात त्या सर्वांना ‘स्क्रॅचेस’ या एकाच शब्दाने संबोधले जाते. मराठीत मात्र या खुणांसाठी वेगवेगळे शब्द आहेत आणि ते घराघरांत वापरले जातात. मांजराच्या नखाने हातावर उठतो तो ओरखडा. दुचाकीला भिंत घासून रंगाच्या आत खोलवर रेघ उमटते तो चरा. पितळी तांब्या हातून पडून आत दबतो तो पोचा. चिनी मातीच्या कपाच्या कडेचा तुकडा उडतो तो टवका. काचेला जातो तो तडा. ज्या खुणेत वस्तूचे काहीच गेलेले नसते, उलट बाहेरचे काही तरी तिच्यावर येऊन बसलेले असते, तो डाग. आणि रोजच्या स्पर्शाने पायरीचा दगड गुळगुळीत होतो, तशी कीबोर्डवरील कळांना येणारी चकाकी म्हणजे झीज.

ही केवळ शब्दांची हौस नव्हे. प्रत्येक शब्दामागे वेगळी घटना आहे आणि म्हणून उपायही वेगळा आहे. डाग पुसता येतो. ओरखडा काही पृष्ठभागांवर घासून पुसट करता येतो. चरा बहुधा तसाच राहतो. पोचा बाहेर काढण्याच्या प्रयत्नात पातळ पत्रा आणखी बिघडण्याचा संभव असतो. टवका आणि तडा हे तर दुरुस्तीचे, म्हणजे सुटा भाग बदलण्याचे विषय. झीज परत भरून येत नाही.

ओरखडा आणि चरा यांतील फरक ओळखण्याची साधी कसोटी नखाची आहे. खुणेवरून नख हलकेच आडवे फिरवावे. ते न अडखळता पुढे सरकले, तर खूण वरवरची आहे; अडकले, तर ती खोल आहे. त्याआधी मात्र ती जागा ओलसर कापडाने पुसून घेतली पाहिजे. भिंतीला किंवा टेबलाला घासताना पुष्कळदा लॅपटॉपचा रंग निघत नाही, तर भिंतीचाच रंग लॅपटॉपला लागतो. अशी पांढरी रेघ हुबेहूब चऱ्यासारखी दिसते आणि दोन वेळा पुसताच नाहीशी होते. जे पुसल्याने जाण्यासारखे होते, त्यापायी किंमत कमी करून बसणारे विक्रेते थोडे नाहीत.

एक खूण या यादीत बसत नाही, पण ती सर्वांत महत्त्वाची आहे. माउसऐवजी बोटाने वापरायची टचपॅडची पट्टी वर उचललेली दिसली, कीबोर्ड मध्यभागी फुगीर वाटला किंवा तळाचे झाकण नीट बसेनासे झाले, तर तो पोचा किंवा बाक नव्हे. आतील बॅटरी फुगली असण्याची शक्यता असते. असे यंत्र दाबून सपाट करू नये, चार्जही करू नये. लिथियम बॅटरी दाबली गेली किंवा तिला छिद्र पडले, तर ती पेट घेऊ शकते. जाणकार दुरुस्ती करणाऱ्याकडून ती आधी काढून घ्यावी आणि जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनासाठी द्यावी. तोपर्यंत ओरखड्यांचा विचार करण्याचे कारणच नाही.

ओरखडा दिसतो कशामुळे?

गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश एका दिशेने परावर्तित होतो. ओरखड्याच्या जागी पृष्ठभागाला बारीकशी दरी पडलेली असते. तिच्या कडांवर प्रकाश भलत्याच दिशांना विखुरतो आणि डोळ्यांना ती रेघ आजूबाजूच्या भागाहून वेगळी दिसते. म्हणून ओरखडा नाहीसा करण्याचे मार्ग दोनच आहेत. एक तर आजूबाजूचा भाग घासून दरीच्या तळापर्यंत खाली आणायचा, किंवा दरी एखाद्या पदार्थाने भरून काढायची. पहिल्या मार्गात वस्तूचा थोडा अंश कायमचा जातो. दुसऱ्या मार्गात मेण किंवा लेप काही दिवस टिकतो आणि मग खूण पुन्हा डोके वर काढते. बाजारात ‘ओरखडे घालवणारे’ म्हणून मिळणारे बहुतेक पदार्थ या दोहोंपैकी एक, किंवा दोन्ही कामे करतात.

ओरखडा पडतो तो कठीण पदार्थ मऊ पदार्थावर घासला गेल्याने. जर्मन खनिजतज्ज्ञ फ्रीडरिश मोस यांनी 1812 मध्ये खनिजांच्या कठीणपणाची 1 ते 10 अशी श्रेणी मांडली. तिच्यात हिऱ्याला 10 आणि गारगोटीच्या जातीच्या क्वार्ट्झला 7 हे स्थान आहे. साधी काच सुमारे 5.5 वर येते. माणसाचे नख सुमारे 2.5 वर येते, म्हणूनच नखाने तपासताना काचेला इजा होत नाही. घरातील धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे सूक्ष्म कण असतात आणि ते काचेहून कठीण असतात. स्क्रीनवरील धूळ सदऱ्याच्या बाहीने कोरडीच पुसणारा माणूस स्वच्छता करतो असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो वाळूने काच घासत असतो. विक्रीच्या आदल्या दिवशी घाईने केलेल्या अशा पुसापुशीत पूर्वी नसलेले ओरखडे उमटतात.

पृष्ठभागाप्रमाणे उपाय

सर्वप्रथम यंत्र बंद करावे, चार्जर काढावा आणि यंत्र निवू द्यावे. मऊ ब्रशने किंवा हवेच्या फुंकणीने सैल धूळ काढावी. नंतर चष्म्याच्या डबीत मिळते तसे मऊ कापड किंचित ओले करून पुसावे. पाणी कापडावर घ्यायचे, यंत्रावर शिंपडायचे नाही. नळाच्या जड पाण्याचे पांढरट डाग राहतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर या कामाला चांगले आणि स्वस्त असते. एवढ्याने निम्म्या खुणा जातात असे म्हटले, तर ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही. यापुढील प्रत्येक पाऊल मात्र पृष्ठभाग कशाचा आहे हे पाहूनच टाकले पाहिजे.

कमी किमतीच्या बहुतेक लॅपटॉपचे अंग प्लॅस्टिकचे असते. चकचकीत प्लॅस्टिकवरील बारीक ओरखडे प्लॅस्टिकसाठीच्या पॉलिशने, मऊ कापडावर थोडेसे घेऊन हलक्या हाताने घासल्यास पुसट होतात. खडबडीत पोताच्या प्लॅस्टिकवर हा उपाय उलटतो. पोत घासला जाऊन तेथे चकाकणारा चट्टा उठतो आणि तो मूळ ओरखड्यापेक्षा अधिक नजरेत भरतो. स्टिकर काढल्यावर उरलेला चिकटा खोबरेल तेलाच्या दोन थेंबांनी मऊ होतो. काही मिनिटांनी तो पुसून साबणाच्या पाण्याने ओलसर केलेले कापड फिरवावे. थिनर किंवा नखांवरील रंग काढण्याचे ॲसिटोनयुक्त द्रव्य कधीही वापरू नये. ही द्रव्ये प्लॅस्टिकच विरघळवतात. तळाशी चिकटवलेली क्रमांकाची पट्टी मात्र घासून काढू नये. तो क्रमांक म्हणजे यंत्राची ओळख. तो नसलेले यंत्र चोरीचे तर नाही ना, अशी शंका घेण्याचा खरेदीदाराला अधिकार आहे.

काही लॅपटॉपच्या झाकणावर हाताला रबरासारखा मऊ लागणारा लेप असतो. नवेपणी तो सुखद वाटतो. काही वर्षांनी हवेतील बाष्पामुळे आणि घामामुळे त्याचे विघटन होऊन तो चिकट होऊ लागतो. कोकण, गोवा, चेन्नई, कोलकाता अशा दमट हवेच्या प्रदेशांत या बिघाडाला पोषक परिस्थिती असते. हा चिकटपणा म्हणजे मळ नव्हे, हे लक्षात घेतले पाहिजे. कितीही पुसले तरी लेप पूर्ववत होत नाही. अल्कोहोलने चोळल्यास लेपच निघून येतो, तोही पट्ट्यापट्ट्यांनी. अशा वेळी लेप संपूर्ण काढून टाकावा किंवा आहे तसा ठेवून वर्णनात त्याचा उल्लेख करावा. अर्धवट काढलेला लेप सर्वांत वाईट.

ॲल्युमिनियमच्या यंत्रांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्यावरील राखाडी, सोनेरी किंवा काळी छटा हा बहुतेक वेळा वरून दिलेला रंग नसतो. ॲल्युमिनियमचा भाग आम्लाच्या द्रावणात बुडवून त्यातून वीजप्रवाह सोडतात. त्या क्रियेत धातूच्या पृष्ठभागावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा सरंध्र थर वाढतो. त्या रंध्रांत रंग भरतात आणि मग ती बंद करतात. या थराची जाडी केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. ॲल्युमिनियम ऑक्साइड म्हणजेच धार लावण्याच्या दगडात वापरला जाणारा कुरुंद. मोस यांच्या श्रेणीत त्याचे स्थान 9 आहे. इंग्रजीतील ‘कोरंडम’ हा शब्दही दक्षिण भारतातूनच, तमिळमधून गेलेला आहे. एवढ्या कठीण थरावर सहसा ओरखडा उठत नाही. उठलेला चरा थर भेदून खालच्या मऊ धातूपर्यंत पोहोचलेला असतो आणि तेथे चांदीसारखी रेघ चमकते. ती घालवण्यासाठी पॉलिश चोळणाऱ्याच्या हाती पॉलिशने निस्तेज झालेला मोठा चट्टा येतो, कारण उरलेला थरही झिजतो. ॲल्युमिनियमवरील चऱ्याला हात न लावणे हाच उत्तम उपाय होय.

टूथपेस्टचा घरगुती उपाय फार प्रसिद्ध आहे. टूथपेस्टमध्ये खडूच्या जातीचे किंवा सिलिकाचे बारीक अपघर्षक कण असतात, त्यामुळे चकचकीत प्लॅस्टिकवर तिचा थोडाफार परिणाम होतोही. परंतु हे कण दातांसाठी ठरवलेले असतात, लॅपटॉपसाठी नव्हे. आणि ही पेस्ट कळांच्या फटीत सुकून बसली की ती काढणे हे नवेच काम होऊन बसते.

सर्वाधिक नुकसान स्क्रीनच्या बाबतीत होते. चकाकी नसलेल्या स्क्रीनची वरची पातळ फिल्म मुद्दाम अतिसूक्ष्म खडबडीत ठेवलेली असते, म्हणजे खिडकीचे किंवा दिव्याचे प्रतिबिंब तिच्यात स्पष्ट उमटत नाही. ती घासली की तेवढा भाग गुळगुळीत होतो आणि त्या जागी अक्षरे कायमची अंधूक किंवा रंगीत ठिपक्यांची दिसू लागतात. काचेच्या स्क्रीनवरही प्रतिबिंब कमी करणारा नाजूक लेप असू शकतो. म्हणून स्क्रीनला पॉलिश, टूथपेस्ट, काच पुसण्याचे अमोनियायुक्त द्रव्य यांपैकी काहीही लावू नये. फक्त ओलसर मऊ कापड. अनेक स्क्रीनवर कळांच्या चौकटींसारख्या फिकट रेघा दिसतात. झाकण मिटल्यावर कळांवरील बोटांचे तेल स्क्रीनला लागून त्या उमटतात आणि पुसल्याने जातात. पुसूनही राहिल्या, तर तेथे कळा घासल्या गेल्या आहेत असे समजावे आणि तसे लिहावे.

पाठगत प्रश्न 1

1. नखाची कसोटी घेण्यापूर्वी खुणेची जागा पुसून का घ्यावी?
2. स्क्रीनवरील धूळ कोरड्या कापडाने पुसल्यास काय होते? कारण सांगा.
3. योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा. (पोचा, तडा, डाग, टवका)
(अ) बिजागरीजवळच्या प्लॅस्टिकला ______ गेला आहे.
(आ) लॅपटॉप पडल्यामुळे धातूच्या कोपऱ्याला ______ आला आहे.
(इ) झाकणावरील शाईचा ______ पुसल्यावर गेला.
(ई) कडेच्या रंगाचा ______ उडाला आहे.

दुरुस्ती, झाकण आणि लपवणूक

बाजारात जुन्या यंत्राचे बाह्यांग नवे करण्याच्या अनेक युक्त्या रूढ आहेत. दुरुस्तीच्या व्यवसायात लॅपटॉपच्या अंगाचे चार भाग मानले जातात. वरचे झाकण म्हणजे ‘ए’ पॅनेल, स्क्रीनभोवतीची चौकट ‘बी’, कीबोर्डभोवतीचा भाग ‘सी’ आणि तळ ‘डी’. खराब झालेले पॅनेल काढून दुसरे बसवता येते. ही सरळ दुरुस्ती होय. मात्र पॅनेलची किंमत आणि मजुरी मिळून होणारा खर्च विक्रीच्या वाढीव किमतीतून निघेल का, हे आधी विचारून पाहावे. केवळ ओरखड्यांसाठी केलेला असा खर्च सहसा शहाणपणाचा ठरत नाही.

दुसरी युक्ती म्हणजे झाकणावर पातळ, रंगीत ‘स्किन’ चिकटवणे. तिसरी, काळ्या यंत्रावरील पांढऱ्या रेघा कायम शाईच्या मार्करने रंगवणे. दिव्याच्या उजेडात हे खपून जाते, परंतु उन्हात धरल्यावर शाईची जांभळट झाक अनेकदा उघडी पडते. मग नसलेल्या दोषांचाही संशय येऊ लागतो. साधा ओरखडा शंभर-दोनशे रुपयांच्या घासाघीशीचे कारण झाला असता; रंगवलेला ओरखडा व्यवहारच मोडतो.

स्किन लावणे हे स्वतः वाईट नाही. खाली काय आहे ते सांगितले, तर ती शोभेची वस्तू आहे. बिजागरीजवळचा तडा झाकण्यासाठी लावली, तर तिचे स्वरूप बदलते. ओरखडा हा रूपाचा दोष आहे, तो यंत्राच्या कामात अडथळा आणत नाही. बिजागरीजवळचा तडा प्रत्येक उघडझापीला वाढतो, आणि शेवटी बिजागरी निखळून स्क्रीन किंवा तिची तार तुटू शकते. घेणाऱ्याचे सारे पैसे अशा एका तड्यात बुडतात.

कायद्यानेही हा भेद ओळखला आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 याच्या कलम 17 मध्ये कपटाची व्याख्या दिली आहे. एखादी वस्तुस्थिती माहीत असूनही, समोरच्याला फसवण्याच्या हेतूने ती खटपट करून झाकून ठेवणे हा कपटाचा एक प्रकार तेथे सांगितला आहे. निव्वळ मौन मात्र सामान्यतः कपट ठरत नाही. हे स्पष्ट करण्यासाठी त्या कलमाखाली घोड्याच्या विक्रीची उदाहरणे दिली आहेत. घोडा सदोष आहे हे ठाऊक असूनही मालकाने लिलावात काही न बोलता तो विकला, तर ते कपट नव्हे. परंतु ‘तू नाही म्हणाला नाहीस, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन’ अशा आशयाचे खरेदीदाराने म्हटले आणि तरीही मालक गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याइतकेच ठरते. घोड्याच्या जागी लॅपटॉप ठेवला तरी तर्क तोच राहतो. ‘बिजागरीला काही झालेले नाही ना?’ या प्रश्नापुढे विक्रेत्याला गप्प बसता येत नाही.

वस्तु-विक्री अधिनियम, 1930 मध्येही दोन गोष्टी जवळजवळ आहेत. कलम 16 चा सर्वसाधारण रोख असा, की वस्तू आपल्या उपयोगाची आहे की नाही हे खरेदीदाराने पारखून घ्यावे. परंतु त्याच्या आधीचे कलम 15 सांगते, की वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे. म्हणजे वर्णन हा व्यवहाराचा अलंकार नाही, तो व्यवहाराचा भाग आहे. म्हणूनच ते लिहिणाऱ्याने शब्द जपून वापरले पाहिजेत.

वर्णन कसे लिहावे?

पुढील दोन नमुने एकाच लॅपटॉपच्या विक्रीसाठी लिहिलेले आहेत असे समजा.

पहिला नमुना : ‘लॅपटॉप विकणे आहे. नव्यासारखा. किरकोळ स्क्रॅचेस. बॅटरी चांगली. आहे त्या स्थितीत.’

दुसरा नमुना : ‘लॅपटॉप विकणे आहे. स्क्रीन 14 इंची, मेमरी 8 जीबी, एसएसडी 256 जीबी. खरेदी जून 2021. मूळ पावती आहे. झाकणाच्या उजव्या कोपऱ्याजवळ सुमारे 4 सेंटिमीटरचा एक चरा आहे. पुढच्या डाव्या कोपऱ्याला गव्हाच्या दाण्याएवढा पोचा आहे. तळाला ओरखडे आहेत. स्क्रीनवर कळांच्या दोन पुसट खुणा असून स्क्रीन चालू असताना त्या दिसत नाहीत. बिजागऱ्या घट्ट आहेत, कोठेही तडा नाही. बॅटरीची आजची क्षमता मूळ क्षमतेच्या 71 टक्के. अहवाल दाखवता येईल.’

पहिला नमुना लहान आहे, पण त्यातून काहीच कळत नाही. ‘किरकोळ’ हे विशेषण खुणेचे वर्णन करत नाही. ते विक्रेत्याचे मत आहे. विक्रेत्याला जे किरकोळ वाटते, ते घेणाऱ्याला तसे वाटेलच असे नाही. ‘नव्यासारखा’ आणि ‘किरकोळ स्क्रॅचेस’ हे शब्द तर एकमेकांशी भांडतात. ‘आहे त्या स्थितीत’ हा शब्दप्रयोग निविदांमधून बोलीत आलेला आहे. ती स्थिती कोणती हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

दुसऱ्या नमुन्यात विशेषणे जवळजवळ नाहीत. त्यांच्या जागी नामे, स्थळे आणि मापे आहेत. कोणती खूण, कोठे, केवढी, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक वाक्यात मिळतात. सेंटिमीटरबरोबर गव्हाचा दाणाही आला आहे, कारण लहान आकार अशा ओळखीच्या वस्तूने लवकर डोळ्यांसमोर येतो. शिवाय ‘तडा नाही’ हे नकारात्मक विधान मुद्दाम केले आहे. दोष इतके तपशिलाने सांगणारा माणूस ‘तडा नाही’ म्हणतो, तेव्हा त्यावर विश्वास बसतो. हा विश्वास ‘नव्यासारखा’ या शब्दाने कधीच मिळाला नसता.

छायाचित्रांनाही हीच दृष्टी लागू पडते. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, प्रकाश बाजूने तिरका पडेल असे यंत्र ठेवले की खूण स्पष्ट दिसते. समोरून झगझगीत प्रकाश टाकला की ती लपते. खुणेशेजारी मोजपट्टी ठेवून एक जवळचे आणि एक लांबचे चित्र घ्यावे. खरेदीदार दुसऱ्या गावचा असेल, तर ही दोन चित्रे दोघांचाही प्रवासखर्च वाचवतात.

किंमत ठरवताना ओरखड्यांना द्यावे तेवढेच महत्त्व द्यावे. यंत्राचे आयुष्य प्रोसेसर, मेमरी, बॅटरी, बिजागऱ्या यांवर ठरते. विंडोजच्या यंत्रात बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि पूर्ण चार्ज केल्यावरची आजची क्षमता असे दोन आकडे मिळतात. यंत्रात कोणती कार्यप्रणाली चालते हेही सांगावे. मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 साठीचे नियमित साहाय्य 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवले, आणि अनेक जुनी यंत्रे विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. आरशासारखे झाकण असलेले असे यंत्र चरे पडलेल्या नव्या यंत्रापेक्षा कमी मोलाचे असू शकते.

आणखी एक प्रकारची खूण डोळ्यांना दिसत नाही. छायाचित्रे, बँकेची कागदपत्रे, साठवलेले पासवर्ड ही मालकाने आत सोडलेली खूणच होय. फाइल ‘डिलीट’ केली की सहसा केवळ तिची नोंद पुसली जाते. मजकूर काही काळ आत राहू शकतो. म्हणून आवश्यक ते दुसरीकडे उतरवून घेऊन, सर्व खात्यांतून बाहेर पडून, यंत्र मूळ अवस्थेत आणण्याची सोय वापरावी. विंडोजमध्ये ती करताना सर्व काही काढून ड्राइव्ह स्वच्छ करण्याचा पर्याय निवडावा. हरवलेले यंत्र शोधण्याची सोय चालू असेल, तर तीही बंद करावी, नाहीतर काही यंत्रे नव्या मालकाला सुरूच करता येणार नाहीत. झाकणावर तासभर पॉलिश चोळणारी माणसे हे काम पुष्कळदा विसरतात.

शब्दार्थ

अपघर्षक – घासून झिजवणारा
सरंध्र – बारीक छिद्रे असलेला
परावर्तित होणे – आदळून माघारी फिरणे
विघटन – घटक वेगळे होऊन मूळ पदार्थ बिघडणे
निविदा – कामासाठी किंवा विक्रीसाठी मागवलेला लेखी प्रस्ताव
घासाघीस – किंमत कमी-जास्त करण्यासाठी केलेली ओढाताण

स्वाध्याय

1. ॲल्युमिनियमच्या झाकणावरील चऱ्याला पॉलिश लावल्यास काय होते? त्याचे कारण पाठाच्या आधारे लिहा.
2. ‘स्किन लावणे हे स्वतः वाईट नाही.’ हे विधान तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
3. घोड्याच्या दोन उदाहरणांतील फरक सांगा. जुनी सायकल विकताना तो कसा लागू होईल?
4. पुढील वाक्यांतील मत दर्शवणारे शब्द काढून त्याऐवजी माहिती देणारे शब्द वापरा.
(अ) टेबल एकदम मस्त आहे, फक्त थोडे खराब झाले आहे.
(आ) पंखा जुना असला तरी छान चालतो.
5. उपक्रम : घरातील वापरलेली एखादी वस्तू उजेडात नीट पाहा. तिच्यावरील प्रत्येक खुणेचे नाव, जागा आणि माप लिहा. त्यावरून सुमारे 80 शब्दांत तिच्या विक्रीचे वर्णन तयार करा. ते वस्तू न पाहिलेल्या व्यक्तीला वाचून दाखवा, तिला वस्तूचे चित्र काढायला सांगा आणि ते वस्तूशी ताडून पाहा.